स्पिनलॉक असूनही कॅमेऱ्याची फ्रेम फाटकी येते: रेस नेमकी कोठे आहे?

प्रश्न

एका एसओसीवरील (एकाच चिपवरील संगणक) कॅमेरा रिसीव्हरसाठी मी लिनक्सचा व्ही४एल२ (कर्नलमधील व्हिडिओ-व्यवस्था) ड्रायव्हर लिहीत आहे. सेन्सर १९२० बाय १०८० आकाराच्या वाययूवायव्ही (प्रति पिक्सेल दोन बाइट) फ्रेम सेकंदाला ३० या गतीने पाठवतो, बफरांचा कारभार व्हीबी२ या कर्नलमधील बफर-व्यवस्थेकडे आहे आणि युजरस्पेसमधील प्रोग्राम चार बफर घेऊन ते फिरवत राहतो. डीएमएचा, म्हणजे हार्डवेअर प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीत थेट जेथे लिहिते तेथला, पत्ता लिहिण्यासाठी हार्डवेअरमध्ये एकच रजिस्टर आहे.

माझी रचना साधी आहे. 'बफ_क्यू'मध्ये (युजरस्पेसने बफर रांगेत लावला की बोलावले जाणारे फंक्शन) आलेला बफर मी यादीच्या शेवटी जोडतो. फ्रेम संपल्याचा इंटरप्ट आला की हँडलर चालू बफर 'व्हीबी२_बफर_डन' करून परत देतो, यादीतला पहिला बफर काढतो, त्याचा पत्ता रजिस्टरमध्ये लिहितो आणि तोच आता चालू बफर म्हणून नोंदवून ठेवतो. यादीला हात लावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी स्पिनलॉक आहे, 'बफ_क्यू'मध्ये इंटरप्ट बंद करणारे त्याचे रूप वापरले आहे आणि लॉकडेपची (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) एकही तक्रार नाही.

तरीही तीन गोष्टी घडतात. यंत्रावर भार वाढला की अधूनमधून एखादी फ्रेम फाटकी येते, म्हणजे वरचा काही भाग नव्या दृश्याचा आणि खालचा जुन्या दृश्याचा असतो. अशा फाटक्या फ्रेमच्या लगेच नंतरची फ्रेम बहुतेक वेळा चक्क शिळी असते आणि हलणारी वस्तू क्षणभर मागे गेल्यासारखी दिसते, मात्र सीक्वेन्स क्रमांकात कोठेही खंड नसतो. तिसरे म्हणजे, स्ट्रीम थांबवताना कधीकधी ड्रायव्हरकडे बफर शिल्लक राहिल्याचा व्हीबी२चा इशारा लॉगमध्ये उमटतो.

कारण शोधण्यासाठी हँडलरमध्ये प्रिंट-के (कर्नलच्या लॉगमध्ये छापणारे फंक्शन) टाकून पाहिले, तर फाटक्या फ्रेम कमी होण्याऐवजी सतत येऊ लागल्या. लॉक आणखी रुंद करून संपूर्ण हँडलर त्याच्या आत घातला, तरी फरक पडला नाही. मग कोणती रेस, म्हणजे कोण आधी पोचतो यावर अवलंबून असलेला दोष, माझ्या नजरेतून सुटत आहे?

उत्तर १

आपले लॉक बरोबर आहे, पण ज्याच्याशी आपली शर्यत लागली आहे तो ते लॉक घेतच नाही. स्पिनलॉक हे प्रोसेसरवर चालणाऱ्या दोन मार्गांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. डीएमए इंजिनाला त्याची खबरही नसते. आपण वर्णन केलेली पहिली दोन लक्षणे एकाच कारणाची आहेत, आणि ते कारण पत्त्याच्या रजिस्टरमध्ये आहे.

अशा रिसीव्हरमध्ये आपण ज्यात लिहितो ते रजिस्टर बहुधा केवळ शॅडो असते. त्यातील मूल्य हार्डवेअर पुढच्या फ्रेमच्या आरंभी आत उचलते आणि त्यानंतर ती फ्रेम पूर्ण होईपर्यंत तोच पत्ता वापरते. म्हणजे फ्रेम संपणे आणि पुढची सुरू होणे यांमधील जेवढी मोकळी जागा, तेवढीच मुदत आपल्या हँडलरला मिळते. ती किती आहे ते मोजून पाहावे. सेन्सरच्या एका फ्रेममध्ये एकूण ११२५ ओळींचा काळ असेल आणि त्यांपैकी १०८० ओळी चित्राच्या असतील, तर उरलेल्या ४५ ओळी रिकाम्या असतात. सेकंदाला ३० फ्रेम असताना एका ओळीला सुमारे २९.६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून आपली मुदत जेमतेम १.३३ मिलिसेकंद भरते. दुसऱ्या कोणत्या ड्रायव्हरने एवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवले की आपण हरलो.

आता हरल्यावर काय होते ते एका उदाहरणात पाहू. १०० क्रमांकाची फ्रेम 'अ' बफरमध्ये पूर्ण झाली आणि हँडलर उशिरा आला. तोपर्यंत १०१ क्रमांकाची फ्रेम सुरू झाली आहे आणि शॅडोमध्ये अजून 'अ'चाच पत्ता असल्याने हार्डवेअरने तोच पुन्हा उचलला आहे. हँडलर येतो, 'अ' युजरस्पेसला देऊन टाकतो आणि 'ब'चा पत्ता लिहितो. युजरस्पेस 'अ' वाचत असताना हार्डवेअर त्याच 'अ'मध्ये वरून खाली नवी फ्रेम उतरवत असते. वरचा भाग नवा आणि खालचा जुना दिसतो तो यामुळे. पुढे १०१ संपल्यावर हँडलर वेळेवर येतो, 'ब' भरला असे समजून तोही देतो आणि 'क'चा पत्ता लिहितो. १०२ 'क'मध्ये उतरते, परंतु 'ब'मध्ये या फेरीत कोणी एक बाइटही लिहिलेला नाही. चार बफर क्रमाने फिरत असतील तर त्यात ९७ क्रमांकाची फ्रेम पडून आहे. आपल्याला दिसणारी शिळी फ्रेम तीच, आणि सीक्वेन्स आपण हँडलरमध्ये स्वतः एकाने वाढवत असल्यामुळे क्रमांकात खंड पडत नाही.

प्रिंट-केने त्रास का वाढला हेही यातून उलगडते. सिरीयल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर सेकंदाला ११५२० अक्षरे जातात, त्यामुळे ८० अक्षरांच्या एका ओळीला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात. ती ओळ पत्ता लिहिण्याच्या आधी छापली असेल, तर १.३३ मिलिसेकंदांची मुदत आपण स्वतःच पाच वेळा संपवली. हँडलरमध्ये काय घडते ते पाहायचे असेल तर ट्रेस_प्रिंटके वापरावे. ते स्मृतीतील रिंग बफरमध्ये लिहिते आणि कन्सोलसाठी थांबत नाही.

एक शंका आधीच दूर करतो, कारण अशा वेळी कॅशवर ठपका ठेवण्याची सवय अनेकांना असते. कॅशमधील शिळा मजकूर वाचला गेला तर चित्रात कॅश-लाइनच्या आकाराचे आडवे तुकडे विखुरलेले दिसतात. ६४ बाइटची लाइन असेल तर वाययूवायव्हीमध्ये ३२ पिक्सेलचा तुकडा. आपल्याकडे वरपासून एका ओळीपर्यंत सगळे नवे आणि तिच्याखाली सगळे जुने आहे. हा चेहरा डीएमएच्या पत्त्याचा आहे.

प्रश्नकर्ता

आपण म्हणता तसेच निघाले. हार्डवेअरच्या पुस्तिकेत 'फ्रेमच्या आरंभी मूल्य लागू होते' असे एकच वाक्य आहे आणि मी ते आजवर तीनदा वाचून सोडून दिले होते. त्याच पुस्तिकेत आणखी दोन फक्त-वाचनीय रजिस्टरे सापडली: एकात हार्डवेअर प्रत्यक्ष वापरत असलेला पत्ता दिसतो आणि दुसऱ्यात फ्रेमच्या आरंभी वाढणारा गणक आहे. फ्रेम सुरू झाल्याचा वेगळा इंटरप्टही उपलब्ध आहे, पण मी तो बंद ठेवला होता.

आता पत्ता नेमका केव्हा लिहावा? आणि यादी रिकामी असेल, म्हणजे देण्यासाठी पुढचा बफरच नसेल, तेव्हा काय करावे?

उत्तर २

फ्रेम सुरू झाल्याचा इंटरप्ट चालू करा आणि पुढच्या फ्रेमचा पत्ता तेथेच लिहा. त्या क्षणी हार्डवेअरने चालू फ्रेमचा पत्ता आत घेतलेला असतो, त्यामुळे शॅडो मोकळा आहे आणि तुमच्या हातात १.३३ मिलिसेकंदांऐवजी जवळजवळ पूर्ण ३३ मिलिसेकंद येतात. यासाठी ड्रायव्हरमध्ये एका 'चालू' बफरऐवजी दोन खुणा ठेवाव्या लागतात: हार्डवेअर ज्यात लिहीत आहे तो 'चालू', आणि ज्याचा पत्ता शॅडोमध्ये पडला आहे तो 'पुढचा'. रॉकचिपच्या आयएसपीसाठी (चित्रावर प्रक्रिया करणारे हार्डवेअर) मुख्य कर्नलमध्ये असलेल्या आरकेआयएसपी१ ड्रायव्हरात अशाच दोन खुणा दिसतील. तो उघडून वाचण्यासारखा आहे.

मात्र मुदत वाढली म्हणजे रेस संपली असे समजू नका, ती फक्त दुर्मीळ झाली. दुर्मीळ रेस मला अधिक नकोशी वाटते, कारण ती चाचणीच्या टेबलावर कधीच सापडत नाही. म्हणून बफर परत देण्याचा निर्णय आपण काय लिहिले यावर सोडू नये. हार्डवेअर आता काय वापरत आहे ते वाचून तो घ्यावा. पुढच्या फ्रेमच्या आरंभी प्रत्यक्ष वापरातील पत्ता वाचा. तो 'पुढचा' बफरचा असेल तर 'चालू' बफर खरोखर मोकळा झाला आहे, तो परत द्या. अजून 'चालू'चाच असेल तर हार्डवेअर त्याच्यावर पुन्हा लिहीत आहे. तो हातात ठेवा, एक फ्रेम गेली असे माना आणि पुढे चला. सीक्वेन्स क्रमांकही स्वतः मोजण्याऐवजी हार्डवेअरच्या गणकातून काढा, म्हणजे गेलेली फ्रेम युजरस्पेसला क्रमांकातील खंडातून कळेल.

हँडलर उशिरा आला की 'फ्रेम संपली' आणि 'फ्रेम सुरू झाली' हे दोन्ही बिट एकदम उभे दिसतात, आणि त्यांचा क्रम त्या बिटांवरून सांगता येत नाही. सलग चालणाऱ्या स्ट्रीममध्ये आधी संपल्याचे काम आणि मग सुरू झाल्याचे काम करणे बहुतेक वेळा बरोबर ठरते, पण खात्री गणकानेच होते. तो एकाऐवजी दोनने पुढे गेला असेल तर मधली एक संपूर्ण फ्रेम तुमच्या नकळत होऊन गेली आहे. स्थितीचे रजिस्टर वाचल्यावर जे बिट वाचले तेवढेच ताबडतोब पुसा आणि मग कामाला लागा. काम झाल्यावर सगळे बिट सरसकट पुसणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत; काम चालू असताना आलेली नवी घटना त्यांत कायमची हरवते.

यादी रिकामी असण्याबद्दल: दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे ड्रायव्हरने स्वतःसाठी एक डमी बफर राखून ठेवायचा आणि देण्यासारखे काही नसेल तेव्हा त्याचा पत्ता शॅडोमध्ये लिहायचा. दुसरा म्हणजे शेवटचा बफर परत न देता, नवा येईपर्यंत त्याच्यावरच पुन्हा पुन्हा लिहू द्यायचे. दुसऱ्यात स्मृती वाचते, पण भरलेली फ्रेम युजरस्पेसला न मिळता खोळंबून राहते, आणि ज्या प्रोग्रामकडे दोनच बफर आहेत त्याचा वेग यामुळे बराच घटतो. तुमच्या आकारात डमी बफरला १९२० गुणिले १०८० गुणिले २, म्हणजे ४१,४७,२०० बाइट लागतील. मी ते खुशाल खर्च करीन. वापरात असताना तो सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइटची निरर्थक लिखाणेही करतो, त्यामुळे हार्डवेअरला एखाद्या फ्रेमपुरते लिखाण बंद ठेवता येत असेल तर ते सर्वांत उत्तम.

डमीवर चालू असताना 'बफ_क्यू'मध्ये नवा बफर आला की तेथूनच पत्ता लिहून एक फ्रेम वाचवण्याचा मोह होईल. तो टाळा. त्या रजिस्टरवर लिहिणारा हात एकच असावा, आणि तो इंटरप्ट हँडलरचा. 'बफ_क्यू'ने लॉक घेऊन यादीत जोडावे आणि परत जावे.

उत्तर ३

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक किंमत त्यात सांगायची राहिली. पुढच्या फ्रेमच्या आरंभापर्यंत बफर रोखून धरला तर प्रत्येक फ्रेम १.३३ मिलिसेकंद उशिरा पोचते. चित्रमुद्रणासाठी हे नगण्य आहे, परंतु कॅमेऱ्याच्या आधारे मोटर किंवा यंत्रहात चालवणाऱ्याला ते परवडेलच असे नाही, आणि ज्या सेन्सरमध्ये एक्सपोजर वाढवण्यासाठी रिकाम्या ओळी शेकड्यांनी वाढवल्या जातात तेथे हा उशीर कित्येक मिलिसेकंदांवर जातो.

हा उशीर न करताही खात्री मिळवता येते. फ्रेमच्या आरंभी हँडलरने गणक वाचावा, शॅडोमध्ये पत्ता लिहावा आणि गणक पुन्हा वाचावा. त्याच उपकरणाचे रजिस्टर लिहिण्यानंतर वाचल्यामुळे बसमध्ये रेंगाळलेले लिखाणही तोवर उपकरणापर्यंत पोचते. दोन्ही वाचनांत तोच आकडा असेल तर पत्ता पुढच्या आरंभाच्या आधी पोचला हे निश्चित, आणि मग ती फ्रेम संपल्याच्या इंटरप्टमध्ये 'चालू' बफर बिनधास्त परत देता येतो, हँडलर तेव्हा कितीही उशिरा आला तरी. आकडे वेगळे निघाले तरच वापरातील पत्ता वाचून निर्णय घेण्याच्या मार्गाने जावे.

आरटी (रिअल-टाइम) कर्नलवर चालवण्याचा विचार असेल तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. तो पर्याय ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आला आहे. त्यात बहुतेक हँडलर थ्रेडमध्ये चालतात आणि साधे स्पिनलॉक झोपू शकणारे लॉक बनते, त्यामुळे 'हँडलर तात्काळ येईल' या भरवशावर उभी असलेली कोणतीही रचना तेथे टिकत नाही.

उत्तर ४

पहिल्या दोन लक्षणांवर भरपूर लिहिले गेले, पण तिसऱ्याकडे कोणी वळले नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत धोकादायक आहे. तुमचे 'स्टॉप_स्ट्रीमिंग' बहुधा लॉक घेऊन यादीतील बफर परत करते आणि मग हार्डवेअर बंद करते. यादीत नसलेला, हार्डवेअरच्या ताब्यातील बफर त्यात राहून जातो. व्हीबी२ इशारा देते आणि तो स्वतःच एरर म्हणून परत करते. इशारा मिळाला म्हणजे नुकसान टळले असे मात्र नाही. त्यानंतर युजरस्पेसने बफर सोडून दिले आणि ती स्मृती दुसऱ्या कोणाला मिळाली, तर अजून चालू असलेले डीएमए अर्धी फ्रेम त्या परक्या पानांवर लिहू शकते. अशा एका प्रकरणात मी पूर्ण एक आठवडा फाइल-प्रणालीतील दोष शोधत होते, आणि दोषी निघाला कॅमेरा.

क्रम उलटा करावा लागेल. आधी रिसीव्हरला चालू फ्रेमनंतर थांबण्यास सांगा आणि 'वेट_इव्हेंट_टाइमआउट'ने फ्रेम संपण्याची वाट पाहा. सेन्सर त्याच्या आधी बंद करू नका, कारण मग फ्रेम कधीच संपणार नाही आणि प्रत्येक वेळी मुदत उलटेपर्यंत थांबावे लागेल. काही फ्रेमच्या काळाइतकी मुदत देऊनही उत्तर आले नाही तर डीएमए रिसेट करा. मग इंटरप्ट बंद करा, तेच रजिस्टर एकदा वाचा म्हणजे ते लिखाण हार्डवेअरपर्यंत नक्की पोचेल, आणि 'सिंक्रोनाइज_आयआरक्यू' बोलवा. दुसऱ्या कोअरवर हँडलर अर्ध्यात असेल तर तो संपेपर्यंत हे फंक्शन थांबते. ते बोलवताना स्पिनलॉक हातात ठेवू नका. हँडलर त्याच लॉकसाठी थांबलेला असेल तर दोघेही कायमचे अडकतील. एवढे झाल्यावरच 'चालू', 'पुढचा' आणि यादीतील सर्व बफर एरर स्थितीत परत करा.

येथे एक बारीक जागा आहे. अनेक जण हँडलरमध्ये लॉकच्या आत बफर वेगळा काढतात आणि लॉक सोडून मग 'व्हीबी२_बफर_डन' करतात. ते गैर नाही, पण त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणी बफर यादीतही नसतो आणि कोणत्याही खुणेतही नसतो. नेमक्या त्याच वेळी 'स्टॉप_स्ट्रीमिंग' येऊन गेले तर त्याला तो दिसत नाही. ही फट लॉकने बुजत नाही, 'सिंक्रोनाइज_आयआरक्यू'नेच बुजते.

शिवाय टाइमस्टॅम्प, सीक्वेन्स आणि फील्ड हे सगळे 'व्हीबी२_बफर_डन'च्या आधी भरा. त्या ओळीनंतर बफर तुमचा राहत नाही, आणि तुमची पुढची ओळ चालण्याआधी युजरस्पेसने तो परत रांगेत लावलेलाही असू शकतो. 'स्टार्ट_स्ट्रीमिंग' अयशस्वी झाले तर मात्र बफर एरर नव्हे, क्यूड स्थितीत परत करावे लागतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उत्तर २ मधील दोन खुणा, उत्तर ३ मधील गणकाची दुहेरी तपासणी आणि उत्तर ४ मधील थांबण्याचा क्रम असे तिन्ही बदल केले.

योगायोगाची वाट पाहत बसू नये म्हणून हँडलरच्या आरंभी मुद्दाम २ मिलिसेकंदांचा विलंब घातला आणि प्रोग्रामकडून प्रत्येक बफर रांगेत लावण्यापूर्वी त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ठरावीक बाइट भरून घेतले. जुन्या ड्रायव्हरमध्ये हा विलंब असताना झाडून सगळ्या फ्रेम बिघडल्या. नव्यामध्ये एकही फाटकी नाही, आणि भरलेले बाइट तसेच घेऊन परत आलेला बफरही नाही. विलंब ४० मिलिसेकंदांवर नेल्यावर फ्रेम गळू लागल्या, पण आलेली प्रत्येक फ्रेम अखंड होती आणि गळलेल्यांचा हिशेब सीक्वेन्समध्ये बरोबर लागला. 'व्ही४एल२-कंप्लायन्स'ची स्ट्रीमिंग चाचणी स्वच्छ गेली, आणि सुरू-बंदचे चक्र रात्रभर चालवूनही व्हीबी२चा इशारा पुन्हा आला नाही.

जाता जाता 'डीबग_एसएचआयआरक्यू' हा कर्नल पर्यायही चालू करून पाहिला. आमची इंटरप्ट लाइन दुसऱ्या उपकरणाशी सामाईक आहे, आणि हा पर्याय ड्रायव्हर काढताना हँडलरला एकदा मुद्दाम बोलावतो. त्या वेळी रिसीव्हरचे घड्याळ बंद असल्यामुळे स्थितीचे रजिस्टर वाचताच बस अडकली. आता उपकरण जागे आहे की नाही ते रनटाइम पीएमकडून (कर्नलचे वीज-व्यवस्थापन) तपासल्याशिवाय हँडलर कोणतेही रजिस्टर वाचत नाही आणि झोपलेले असेल तर 'आयआरक्यू_नन' ('हा इंटरप्ट माझा नाही') परत देतो.

नवा ड्रायव्हर घेतल्यापासून एका सहकाऱ्याची मात्र तक्रार आहे की पूर्वी फ्रेम गळत नव्हत्या, आता गळतात. त्यांच्या प्रोग्राममध्ये सीक्वेन्समधील खंड मोजला जातो आणि जुन्या ड्रायव्हरने तो कधी दाखवलाच नव्हता. त्यांना १०० आणि ९७ चे उदाहरण पाठवले आहे.